अकरा जणांना पाठवा

श्रावणातल्या एका दुपारी कुरुंदवाडहून मावशीचा फोन आला. मी त्या वेळी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात मान घालून बसलो होतो, आणि कोणीतरी येऊन आपल्याला यातून सोडवावे अशी मनोमन प्रार्थना करीत होतो.

“ते मार्टिनेली का काय म्हणत्यात, ते खरं हाय का रं?”

उद्या व्हॉट्सॲपवर ‘मार्टिनेली’ नावाचा एक व्हिडिओ येणार आहे. तो उघडलात तर फोन कायमचा निकामी होईल. ही सूचना ताबडतोब सर्वांना कळवा, असा तो निरोप. ‘डान्स ऑफ द पोप’ नावाचे त्याचे एक भावंडही आहे. ही जोडी कित्येक वर्षे गावोगाव हिंडते आहे, पण निरोपातला तो ‘उद्या’ काही अजून उगवलेला नाही.

“साफ खोटं आहे, मावशी.”

“बरं. मग न्हाई पाठवत कुणाला.” आणि तिने फोन ठेवला. प्रत्येक निरोप मला विचारल्याखेरीज ती पुढे पाठवीत नाही. तिच्या या सवयीचे कारण मीच आहे. ते पुढे सांगतो.

माझ्या लहानपणी असले निरोप पोस्टमन आणीत असे. संतोषी मातेचे पत्र ज्यांच्या घरी आले नाही असे घर आमच्या शिरोळात क्वचितच असेल. अशी अकरा पत्रे लिहून पाठवा; अमक्याने पाठवली, त्याला धन मिळाले; तमक्याने फाडून टाकली, त्याचा मुलगा दगावला! पंधरा पैशांचे कार्ड होते तेव्हा. म्हणजे देवीचा कोप एक रुपया पासष्ट पैशांत टळत असे. आई असल्या गोष्टींवर विश्वास ठेवीत नसे. तरीसुद्धा पत्रे लिहायला मला बसवीत असे. “आपलं काय जातंय?” हे तिचे म्हणणे. माझे अक्षर वळणदार झाले त्याचे श्रेय शाळेपेक्षा संतोषी मातेला अधिक आहे.

पुढे पोस्टकार्ड गेले, ई-मेल आली, आणि देवीच्या कोपाची जागा ‘व्हायरस’ने घेतली. ‘गुड टाइम्स’ या नावाचे पत्र उघडू नका, संगणक जळून जाईल, अशी हाकाटी १९९४ सालीच अमेरिकेत उठली होती. नुसते पत्र वाचून त्या काळी संगणकाला काहीच होत नसे. उलट ती सावधगिरीची सूचनाच लोकांनी इतकी फिरवली की उपद्रव झाला तो तिचाच.

आमच्या वाट्याला आले ते अस्वल. २००२ साली मी एम.ए.ला होतो. जयसिंगपूरच्या एका मित्राच्या वडिलांचे अडत दुकान होते आणि हिशेबासाठी त्यांनी नवाकोरा संगणक घेतला होता. एके दिवशी मित्राला पत्र आले: तुमच्या संगणकात एक भयंकर विषाणू लपून बसला आहे, चौदा दिवस तो झोपून राहतो, कोणत्याही तपासणीत सापडत नाही, अमक्या नावाची फाइल शोधा, तिच्यावर लहानशा करड्या अस्वलाचे चित्र असेल, दिसताक्षणी पुसून टाका आणि ओळखीच्या सर्वांना कळवा. आम्ही शोधले. आणि खरोखर, अस्वल होते! आमच्या अंगावर काटा आला. आम्ही ते पुसले, पत्त्यांच्या वहीतल्या साऱ्यांना पत्रे पाठवली, आणि मित्राच्या वडिलांनी खूश होऊन आम्हाला भजी खाऊ घातली.

ते अस्वल विंडोज बनवणाऱ्यांनीच ठेवलेले होते, हे चार दिवसांनी कळले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या उपयोगाची ती एक निरुपद्रवी फाइल. त्या काळच्या बहुतेक विंडोज संगणकांत ती असेच. “तुमच्या घरात चोर शिरला आहे, खूण सांगतो, देवघरात समई दिसेल,” असे कोणी म्हणावे आणि समई पाहून आपण बोंब मारावी, तशातला प्रकार. नशीब इतकेच की हिशेब शाबूत राहिले. भजी परत मागण्याची वेळ आली नाही.

खऱ्या विषाणूची तऱ्हा मात्र निराळी. ‘आय लव्ह यू’ म्हणत २००० सालच्या मे महिन्यात फिलिपाइन्समधून जे पत्र निघाले, ते ‘सावधान’ म्हणत आले नाही. ते ओळखीच्या माणसाकडून प्रेमपत्र म्हणून आले. सोबतची फाइल उघडली की ते तुमच्या पत्त्यांच्या वहीतून स्वतःच पुढे निघे. खोट्या निरोपाला तेवढी विद्या नसते. त्याला पुढे जायला आपले बोट लागते.

त्या बोटाने काय होते ते महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. मुले पळवणारी टोळी आली आहे, हा निरोप त्या दिवसांत फोनाफोनांतून फिरत होता. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असे ठरवले. देवीने अकरा मागितले होते. कंपनीने पाचांवर आणले.

आणि आता माझे बोट. पाण्याचे आम्हा शिरोळकरांना भय नसते. नृसिंहवाडीला दत्तमंदिरात उत्तरेकडून शिरलेले पुराचे पाणी दक्षिणेच्या दारातून बाहेर पडू लागले की आम्ही त्यात स्नान करून पुण्य जोडतो. पण २०१९चा ऑगस्ट वेगळा होता. एका मध्यरात्री मला कोणाचा तरी आवाज आला: धरणाला तडा गेला आहे, पहाटेपर्यंत दोन मजले पाणी. कोणाचा आवाज, कोणते धरण, काही विचारले नाही. काळजीपोटी मावशीला पाठवून दिला. ती आणि काका रात्रभर गच्चीवर ट्रंकेवर बसून राहिले. त्या रात्री त्यांच्या दारी पाणी आले नाही.

दोन दिवसांनी मी पुन्हा फोन केला. या वेळी माझ्याजवळ ऐकीव काही नव्हते. राजाराम बंधाऱ्याचे सरकारी आकडे होते. तिथे ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका मानतात. ते पाणी आमच्याकडे मागाहून उतरते. त्या पुरात पातळी ५५ फुटांच्याही वर गेली. “मावशी, आत्ता निघ,” मी म्हणालो.

“परवा बी असंच सांगितलं हुतंस,” ती म्हणाली.

ती निघाली नाही. तिसऱ्या दिवशी बोटीने दोघांना काढले. बोटीत म्हशीला जागा नव्हती. काकांनी दावे कापून दिले. म्हैस पुन्हा दिसली नाही. मावशीने मला त्याबद्दल आजवर एक शब्द विचारलेला नाही. ती फक्त फोन करते आणि विचारते, “हे खरं हाय का रं?”

मीही तेव्हापासून थोडा शिकलो आहे. लग्नपत्रिका ही चित्र असते किंवा पीडीएफ असते. जिच्या नावाच्या शेपटीला ‘एपीके’ असते ती पत्रिका नव्हे, तो प्रोग्रॅम. तो फोनमध्ये शिरला की आलेले निरोप वाचण्याची परवानगी मागतो, आणि ती मिळाली की बँकेचा ओटीपी तुमच्या आधी तोच वाचतो. वाहनाच्या दंडाची पावती म्हणून येते तीही याच जातीची. २०२५च्या ऑगस्टमध्ये हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्याने अशीच पत्रिका उघडली आणि सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. पैसे गेलेच तर रडत बसण्याआधी १९३० हा नंबर फिरवावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची आशा अधिक.

गेल्या आठवड्यात मावशीचा पुन्हा फोन आला. इचलकरंजीच्या तिच्या नणंदेच्या नंबरावरून पत्रिका आली होती. “मुलीचं लगीन हाय म्हणं. उघडू का?”

“पत्रिका राहू दे. त्यांना आधी फोन करून विचार.”

दहा मिनिटांनी तिचा फोन आला. नणंदेच्या फोनवरून तशा पत्रिका साऱ्या गोतावळ्यात गेल्या होत्या, आणि बिचारीला त्याचा पत्ताच नव्हता. काही मंडळींनी आहेर काय द्यायचा हेसुद्धा ठरवून टाकले होते.

“आणि मुलगी?” मी विचारले.

“नववीत हाय की अजून,” मावशी म्हणाली.