खांबांवरची नावं

चैत्रात कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला गेलो होतो. सप्तमीच्या आसपासची गर्दी कशी असते, हे आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको. रांगेत माझ्यापुढे कोपरखैरण्याचं एक कुटुंब होतं. सात-आठ वर्षांच्या नातवाने बाजूच्या लेण्याच्या कमानीकडे बोट दाखवून विचारलं, "आजी, ये कोनी बांधलं?" आजीने मागे न बघता सांगितलं, "पांडवांनी रं बाला, एका रातीत."

मला हसू आलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी माझ्या आजीनेही मला हेच उत्तर दिलं होतं आणि मी ते बरीच वर्षं खरं मानत होतो. पण आता वाटतं की हे उत्तर बदलायची वेळ आली आहे, आणि ते आपणच बदलायला हवं.

देवीच्या मंदिरापासून चार पावलांवर जे लेणं आहे ते बौद्धांचं चैत्यगृह आहे, म्हणजे उपासनेचं मंदिर. वय सुमारे दोन हजार वर्षं. भारतात डोंगरात कोरलेली जेवढी चैत्यगृहं आहेत, त्यांत हे सर्वांत मोठं. आतली लांबी सुमारे ३८ मीटर, उंची सुमारे १४ मीटर. शेवटच्या टोकाला स्तूप. त्यावर बुद्धाची मूर्ती नाही, कारण त्या काळी मूर्तीऐवजी स्तूपालाच वंदन करत, त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत. दर्शनी भिंतीवर बुद्धाच्या मूर्ती दिसतात, त्या नंतरच्या शतकांत कोरलेल्या. दरवाजावर घोड्याच्या नालेच्या आकाराची भली मोठी खिडकी आहे. तिच्यातून येणारा उजेड थेट आत जातो आणि बाजूचे रस्ते अंधारातच राहतात. आत शिरलेल्या माणसाची नजर स्तूपावरच जावी, अशी ही रचना आहे.

आता वर बघा. दगडी छताला लाकडाच्या कमानी लावलेल्या आहेत. छताचा भार त्यांच्यावर अजिबात नाही. डोंगर कोरण्याआधी अशी सभागृहं लाकडाची बांधत. दगडात काम करतानाही कारागिरांनी जुन्या घराची ओळख सोडली नाही. त्या लाकडांतली बरीच मूळची आहेत. स्तूपावरची छत्रीही लाकडाची आहे. कोकणातल्या आणि घाटावरच्या पावसाने आपल्या नव्या इमारतींची काय दशा होते ते आपण दरवर्षी बघतो, म्हणून सांगितलं.

मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आहेत. खाली घटासारखी बैठक, वर उलट्या कमळासारखा भाग आणि त्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती. हत्तींवर जोडपी बसलेली. स्तूपामागचे सात खांब मात्र साधे, अष्टकोनी, नक्षी नसलेले. बहुतेक लोक हत्तींचे फोटो काढून बाहेर पडतात. खरी गंमत खांबांवर कोरलेल्या अक्षरांत आहे.

ती अक्षरं ब्राह्मी लिपीतली आहेत, भाषा प्राकृत. अभ्यासकांनी ती केव्हाच वाचलेली आहेत. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणक याने दिला. वैजयंती म्हणजे आजचं कर्नाटकातलं बनवासी, तिथल्या भूतपाल नावाच्या शेठने हे शैलगृह पूर्ण केलं आणि जंबुद्वीपात यापेक्षा उत्तम नाही असं कोरून ठेवलं. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गंध्याने, म्हणजे अत्तर-सुगंध विकणाऱ्याने, दरवाजाचं दान दिलं. त्याच गावच्या वेणुवासाच्या मुलाने, सामी नावाच्या सुताराने, दरवाजा घडवला. सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने, म्हणजे धर्मवचनं पाठ म्हणणाऱ्या भिक्षूने, एक खांब दिला. काही खांब यवनांनी दिले. यवन म्हणजे मूळचे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. दान देणाऱ्यांत भिक्षुणीही आहेत.

म्हणजे पांडव नाहीत, आणि एक रात्रही नाही. एकट्या राजाच्या तिजोरीतूनही हे झालेलं नाही. कोणी खांब दिला, कोणी दार दिलं, आणि ज्याने ज्याने दिलं त्याचं नाव तिथे राहिलं. आपल्या गावच्या देवळात पायरीवर किंवा फरशीवर देणगीदाराचं नाव असतं ना, तसंच. लेखातल्या 'घर' या शब्दाचा अर्थ आजच्या मराठीतही घरच आहे. सुताराला तिथे 'वढकी' म्हटलंय, विदर्भात सुताराला आजही वाढई म्हणतात. ती भाषा आपल्याला इतकी जवळची आहे.

आणि हे लोक तिथे कशाला आले? कल्याण, सोपारा, चौल या बंदरांत उतरलेला माल बोरघाटाने वर जायचा. त्या वाटेवर ही लेणी आहेत. आपण आज द्रुतगती मार्गाने जातो ती दिशा दोन हजार वर्षांपूर्वीचीच. आपल्या शहराचं नाव 'नवी' मुंबई. १९७० साली सिडको स्थापन झाली, त्याआधी इथे खाजण आणि मिठागरं सोडून काही नव्हतं, असं बाहेरचे सांगतात आणि आपणही मान डोलावतो. पण आपल्या खाडीच्या आजूबाजूची बंदरं तेव्हा जगाशी व्यापार करत होती, आणि त्याच्या खुणा आपण दरवर्षी पालखी घेऊन जातो त्याच डोंगरावर आहेत.

आता मुद्द्याचं बोलतो. दर चैत्रात सोशल मीडियावर एक भांडण ठरलेलं असतं. एक बाजू म्हणते, लेणी आमची, मंदिर नंतरचं. दुसरी म्हणते, आई आमची, लेण्याचं काय सांगता? मग शिव्या, मग ब्लॉक.

माझं मत स्पष्ट आहे. लेणं बौद्ध आहे, आणि हे मोकळेपणाने म्हणायला आपली जीभ अडखळता कामा नये. बाबासाहेबांच्या वाटेने बुद्धाकडे गेलेला माणूस तिथे येतो तो सहलीला नाही, वंदनेला येतो. त्याच्यासमोर आपण 'पांडवांनी कोरलं' म्हणतो तेव्हा त्याच्या पूर्वजांची नावं पुसतो. असं म्हणायचा आपला हेतू नसतो, पण होतं तेच. आणि हे मान्य केल्याने आईचं काही कमी होत नाही. आगरी-कोळ्यांची आई तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिला कोणाच्या दाखल्याची गरज नाही.

भिंतीवरचा आणखी एक दाखला देतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिलं. पुढे सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केला. पण त्यांच्या राजवटीतही त्याच लेण्याच्या भिक्षूंना तेच गाव दिल्याचा लेख तिथे आहे. त्यात मामाल हे नाव येतं, म्हणजे आपलं मावळ. रणांगणावर एकमेकांचे वैरी असलेल्यांनी लेण्याच्या दिव्याचं तेल तोडलं नाही. आपल्याला कमेंटमध्येसुद्धा तेवढं जमत नाही.

आणि नावाची किंमत आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. १० जून २०२१ ला विमानतळाला दि. बा. पाटील साहेबांचं नाव द्या म्हणून आपण मानवी साखळी केली, २४ जूनला बेलापूरच्या सिडको भवनावर धडकलो. का? कारण जमिनी आमच्या गेल्या, गोळ्या आमच्या लोकांनी झेलल्या, मग नाव दुसऱ्याचं का, हा सवाल होता. तोच सवाल कार्ल्याच्या खांबांवरचा सुतार, गंधी आणि भिक्षुणी आपल्याला विचारू शकतात. काम आमचं, दान आमचं, मग नाव पांडवांचं का?

म्हणून गावोगावच्या पालखी मंडळांना माझी विनंती आहे. संरक्षित स्मारकात आपण फलक लावू शकत नाही. ते काम पुरातत्त्व खात्याचं, आणि प्रत्येक खांबाजवळ दात्याचं नाव मराठीत वाचता यावं ही मागणी आपण लेखी करू. पण पालखीच्या पत्रिकेचं मागचं पान आपलंच आहे. त्यावर ही दहा-बारा नावं छापा. दर्शन झाल्यावर तिकीट काढून पोरांना पंधरा मिनिटं आत न्या. भिंतीवर खडूने, चावीने स्वतःचं नाव कोरणारा पोरगा दिसला तर तिथेच हात धरा.

पत्रिकेसाठी मजकूर मी लिहून देतो, पैसे नकोत. छपाई तेवढी मंडळाने करावी. ज्यांना हवा त्यांनी खाली गावाचं नाव लिहा.