परसातले बियाणे

मराठी घराला पुढे अंगण असे, तसे मागे परसही असे. अंगणातल्या तुळशीवृंदावनाची आठवण समाजाने भक्तिभावाने जपली. परसातला अळू, शेवगा आणि कुंपणावर चढणारा वाल मात्र विस्मरणात गेला. न्हाणीचे सांडपाणी तेथे केळीच्या मुळाशी जाई, चुलीची राख मातीत मिसळे आणि अवेळी पाहुणा आला तरी भाजीसाठी बाजार गाठावा लागत नसे. वाडे पडले, जागा आकसल्या आणि परसही गेला.

२०२०च्या टाळेबंदीनंतर शहरांतील गच्च्यांवर आणि सज्जांत भाजीच्या कुंड्या वाढल्या, हे स्वागतार्हच आहे. परंतु त्या कुंड्यांत पडणारे बी येते कोठून? बहुधा रंगीत पाकिटातून. ते संकरित असेल, तर त्याच्या फळातले बी पुढच्या वर्षी पेरून तसेच फळ मिळत नाही. पहिल्या पिढीत एकवटलेले गुण दुसऱ्या पिढीत विखुरतात. दर हंगामात पुन्हा दुकानाची पायरी चढणे आले. बाजारासाठी पिकविणाऱ्या शेतकऱ्याला हा व्यवहार परवडतही असेल. चार माणसांच्या घराने भेंडीची सहा झाडे लावताना हे परावलंबन कशासाठी पत्करावे?

या प्रश्नाचे उत्तर अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावी मिळते. शाळेची पायरीही न चढलेल्या राहीबाई पोपेरे यांनी तेथे गावरान वाणांचे बी गोळा केले, परसबागेत वाढविले आणि बायाबापड्यांना वाटले. 'बायफ' संस्थेच्या साह्याने त्यांच्या घरातच बियाणे बँक उभी राहिली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सन्मानाच्या बातम्या पुष्कळ छापल्या गेल्या; किती वाचकांनी आपल्या घरी एक तरी वाण राखले, हे विचारण्याची सोय नाही.

वास्तविक हे काम अवघड नाही. चवळी, घेवडा, टोमॅटो यांची फुले बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतात. त्यांचे बी सहज शुद्ध राहते. दुधी, दोडका, कारले यांची नर व मादी फुले वेगळी असतात आणि शेजारी दुसऱ्या जातीचा दुधी असला तर मधमाशी दोहोंचा संकर घडविते. म्हणून दोन्ही कळ्या उमलण्यापूर्वीच कागदी पिशवीत झाकाव्या आणि उमलताच नर फुलाचा पराग मादी फुलावर हाताने लावावा. बियांसाठी वेलावरचे निरोगी, जोमदार फळ राखावे, खाऊन उरलेले नव्हे. घरोघर नेमकी येथेच चूक होते. ते वेलावरच पुरते पक्व होऊ द्यावे. बी सावलीत वाळवून राखेत घोळावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

'देशी' या शब्दाचा भाबडा अर्थही येथे नको. मिरची, पेरू, पपई ही मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीज काळात ती हिंदुस्थानात आली. इथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे बी राखले, म्हणून ती इथली झाली.

हा केवळ हौसेचा विषय नव्हे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. २०१५-१६च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. परसबागेने रक्तक्षय नाहीसा होईल असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण शेवग्याचा पाला, लाल माठ आणि व्हिटॅमिन 'सी' देणारे लिंबू दाराशी असेल, तर ते त्या घरातील स्त्रीच्या ताटात पडण्याची शक्यता वाढते, एवढे निश्चित.

स्वतःच्या शेतातले बी राखण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१च्या वाणसंरक्षण कायद्याने मान्य केला आहे. घरात बीच नसेल, तर त्या हक्काचा उपयोग काय?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे आणि चाळण्या वाटण्याची रीत पडली आहे. त्याऐवजी घरी राखलेल्या बियांची पुडी द्यावी. भेंडी, गवार, दुधी, कारले यांची उन्हाळी पेरणी त्याच सुमारास सुरू होते. वाण घेऊन गेलेल्या सुवासिनीला आठवडाभरात ते मातीत टाकता येईल.