पोरगं परदेशी, बिल हंगामात

आपली पोरे आता जर्मनी-इंग्लंडला शिकायला निघाली. अभिमानच आहे. पण पैशाचे काय? कुरखेड्याकडचा धानवाला असो की आपण ऊसवाले, पैसा हंगामाला येतो; तिकडची फी मात्र बहुधा सप्टेंबरात, गाळपाआधीच भरावी लागते. मग सावकार, नाहीतर जमिनीवर बोजा. आम्हांस हे पटत नाही.

जर्मनीच्या व्हिसासाठी बहुतेकांना वर्षाचे ११,९०४ युरो (२०२४ पासूनचा आकडा) आधीच खात्यात अडकवावे लागतात, आणि महिन्याला ९९२ च काढता येतात. कुणाला जाच वाटेल, आम्हांस शहाणपण वाटते. सगळे एकदम हाती पडले तर दिवाळीतच उडायचे!

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले ते बडोदे सरकारच्या महिना साडेअकरा पौंडांवर. पोटाला चिमटा घेऊन पुस्तके घेतली. शिष्यवृत्ती संपताच १९१७ ला लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठवले, मित्राकडून उसने घेतले, शाहू महाराजांनी हातभार लावला, तेव्हा कुठे १९२० ला पुन्हा गेले.

"तिथं काम करून भागवीन," असे पोरगे म्हणते. इंग्लंडात पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते. त्यात दूध-भाजी निघेल, फी नाही. म्हणून पहिल्या वर्षाची रक्कम आदल्या हंगामाच्या बिलातूनच बाजूला काढावी. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी शासनाच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत, त्यांचे अर्ज मुदतीत टाकावेत. आणि बँकेचे कर्ज काढलेच, तर शिकत असतानाही व्याज चढते. ते दर बिलाला थोडे थोडे भरत जावे.