ऑटोस्विचचे कैवारी

वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारे कृषिपंपांचे ऑटोस्विच काढा, असे महावितरण सांगू लागले की कोणी ना कोणी शेतकऱ्याचा कैवार घेऊन उठतोच. यंदाच्या कैवाऱ्यांचे म्हणणे असे: मोटार सुरू होताना जादा करंट ओढते ती जेमतेम दोन सेकंद, तेवढ्याने डीपी (रोहित्र) जळत असेल तर मोठी डीपी द्या, मोटार हळूहळू सुरू करणारे सॉफ्ट स्टार्टर वगैरे कंपन्यांचे चोचले, आणि रात्री दोनला विंचूकाट्यातून मोटार चालू करायला तुम्ही जाणार का?

शेवटचा प्रश्न खरा आहे. म्हणूनच बाकीचा माल त्याच्या आडून खपतो.

आधी ते दोन सेकंद. पाच हॉर्सपॉवरची मोटार चालताना साडेसात अँपिअरच्या आसपास घेते; थेट सुरू केली की सहापट, म्हणजे 45. डीपीवर ती एकटी असेल तर दोन सेकंदांत उचलते, कबूल. पण वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात नाहीतर अकोटकडे डीपीवर एकटी मोटार दाखवा! 63 केव्हीएच्या डीपीची क्षमता 84 अँपिअर. तिच्यावर अशा दहा मोटारी धरा. चालताना 75, कागदावर सारे आलबेल. लाइन येते, दहाही ऑटोस्विच एकदमच लागतात आणि मागणी जाते साडेचारशेवर. व्होल्टेज कोसळते. 415 चे 300 झाले की मोटारीचा जोर जवळपास निम्मा होतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. जोर नाही म्हणून गती नाही, गती नाही म्हणून करंट उतरत नाही, करंट उतरत नाही म्हणून व्होल्टेज चढत नाही. आता मोजा दोन सेकंद! मोटारी घुमत राहतात, एका फेजचा फ्यूज उडतो आणि ज्यांनी ओव्हरलोड रिले बायपास केला त्यांची वायंडिंग जळते. मग कोणी शहाणा फ्यूजच्या किटकॅटमध्ये जाड तार कोंबतो. फ्यूज उडणे थांबते. पुढच्या खेपेला डीपीच जाते, तीही ऐन हरभऱ्याच्या ओलितात.

मोठी डीपी? बांधापर्यंतची तार तीच राहते, आणि व्होल्टेज तारेतही पडते. कंपन्यांचे चोचले? अकोल्याचा जिनिंगवाला मोठ्या मोटारीला स्टार-डेल्टा स्टार्टर लावतो, तो सुरुवातीचा करंट तिसऱ्या हिश्शावर येतो म्हणून; दानधर्म म्हणून नव्हे.

व्होल्टेज सावरणाऱ्या कॅपॅसिटरच्या वादातही हीच तऱ्हा होती. बिल हॉर्सपॉवरवर, मग माझा काय फायदा, असे विचारून कित्येकांनी तो काढून ठेवला. फायदा शेजाऱ्याचा होता, हेच बहुधा सलत असावे.

मग करायचे काय? स्टार-डेल्टा सबमर्सिबलला सहज जमत नाही. त्याला सहा तारा वर आणाव्या लागतात. ऑटोस्विच हवाच असेल तर त्याला टायमर जोडा: पहिली मोटार 30 सेकंदांनी, दुसरी मिनिटाने, तिसरी दीड मिनिटाने. डीपीवरच्या सगळ्यांनी बसून क्रम ठरवावा. ज्याला परवडेल त्याने सॉफ्ट स्टार्टर घ्यावा. सौर पंपाचा कंट्रोलर मोटार हळूहळूच गतीला आणतो, कारण सहापट करंट पॅनल देऊच शकत नाही. त्याला मात्र कोणी चोचले म्हणत नाही.

राहिला विंचूकाट्याचा प्रश्न. त्यावर उत्तर दिवसा वीज हे आहे. तेवढ्यासाठी मोर्चा काढा, आम्ही पुढच्या रांगेत असू. दहा मोटारी एकदम सुरू करण्याच्या हक्कासाठी मात्र आमची घोषणा मिळणार नाही.