पत्र्याच्या डब्यातला हॉलीहॉक

मुलांनो, नवरात्रात घट बसवताना तुम्ही पाहिलं असेल. काळ्या मातीत धान्य पेरायचं, पाणी शिंपडायचं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवे कोंब हजर! आमच्या चौथीच्या वर्गात त्याच दिवसांत आणखी एक पेरणी होते. हॉलीहॉकची! काही माळी याला गुलखैरा म्हणतात. पाऊस सरला की पेरायचा, थंडीत वाढवायचा आणि फेब्रुवारीच्या सुमारास उंच दांड्यावर खालून वर एकेक फूल उघडताना बघायचं.

गेल्या वर्षी मी प्रत्येकाला तीन-तीन बिया दिल्या आणि फळ्यावर लिहिलं, 'घरच्या बागेत हॉलीहॉक लावा.' मधल्या सुट्टीत एक मुलगी टेबलाशी आली. पुडी परत करत म्हणाली, "बाई, आमच्याकडे बाग नाही. नुसती गॅलरी आहे, तीपण सगळ्यांची."

खरं सांगते, मी ओशाळले. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी अंगण नाही, हे मला ठाऊक होतं की! मी फळ्यावरचा 'बाग' शब्द पुसला आणि तिला शाळेच्या खिचडीच्या तेलाचा रिकामा डबा दिला. शिपाईमामांनी त्याच्या धारदार कडा ठोकून बसवल्या आणि तळाला खिळ्यानं पाच-सहा भोकं पाडली. (पालकांनो, हे काम तुमचं, मुलांचं नव्हे.) दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. बी अर्ध्या बोटापेक्षा खोल नको. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात, तेव्हा रोज माती उकरून 'आलं का?' बघायचं नाही!

तिच्या डब्यात दोन रोपं आली. तिनं दणकट ते ठेवलं. एका डब्यात एकच रोप पुरे.

मग आली दिवाळीची सुट्टी. ती गावाला गेली आणि डबा शेजारच्या काकूंवर सोपवला. काकूंनी इतक्या मायेनं पाणी घातलं, की ती परतली तेव्हा डब्यात चिखल आणि पानं पिवळी! ती रडवेली होऊन आली. आम्ही तळाची बुजलेली भोकं काडीनं मोकळी केली आणि पाणी बंद. बोट मातीत खुपसायचं, आत ओल लागली तर पाणी घालायचंच नाही. आठवडाभरानं मधोमध एक नवं, लवदार पान निघालं. ते दाखवायला तिनं मला शाळा सुटल्यावर घरी नेलं.

आता माझी फजितीही ऐका. शाळेची रोपं मी ट्रेमध्ये वाढवली आणि सुट्टीनंतर, दीड महिन्याची झाल्यावर, वाफ्यात लावली. आठातली तीनच जगली, तीही खुरटी. हॉलीहॉकचं मुख्य मूळ सरळ खोल जातं. मोठं झाल्यावर उपटलं, की ते मूळ तुटतं आणि रोप रुसतं. म्हणून बी जागच्या जागीच पेरा, नाहीतर रोप अगदी लहान असतानाच हलवा. आणि बी घेताना 'याच हिवाळ्यात फुलणारं' असं विचारून घ्या. काही जाती पहिल्या वर्षी नुसती पानंच देतात.

फेब्रुवारीत त्या गॅलरीत पहिलं गडद लाल फूल उघडलं. सहा तास ऊन मिळत होतं, बांबूच्या काठीला सुतळीनं सैल बांधलेलं होतं. कळ्यांवर मावा आला, तो तिनं पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन काढला. आजूबाजूच्या खोल्यांतली मंडळी बघायला जमली. काकू तर सगळ्यांना सांगत होत्या, "मी पाणी घातलंय हो याला!"

एकेरी पाकळ्यांचं फूल मिळालं तर आत डोकावून बघा. मधोमध एक खांब दिसेल. आधी त्यावर परागांची फिकट भुकटी असते. ती सरत आली, की टोकातून बारीक धागे बाहेर येतात. ते दुसऱ्या फुलाचे पराग घेणारे. आता जास्वंद, भेंडी, अंबाडी आणि कापूस यांची फुलं आठवा. सगळ्यांत तोच खांब! ही एकाच कुळातली भावंडं. भेंडीचं फिकट पिवळं, आत लालजांभळं फूल तुम्ही कधी निरखलंय का? आपण भाजी बघतो, फूल नाही.

या कुळातल्या मॅलो नावाच्या फुलाला फ्रेंच भाषेत 'मोव्ह' म्हणतात. १८५६ साली लंडनमध्ये १८ वर्षांचा विल्यम पर्किन ईस्टरच्या सुट्टीत घरी मलेरियावरचं क्विनाईन तयार करू बघत होता. क्विनाईन झालंच नाही, भांड्यात उरला जांभळा रंग! कापड रंगवायच्या त्या रंगाला पुढे या फुलाचं नाव मिळालं. सुट्टीत काय काय होऊ शकतं बघा.

गडद लाल पाकळी पांढऱ्या कागदावर चोळा. एका डागावर लिंबाचा थेंब टाका, दुसऱ्यावर खायच्या सोड्याचं पाणी. काय होतं ते मी सांगणार नाही.

एप्रिलमध्ये परीक्षा संपली, त्या दिवशी ती मुलगी पुन्हा टेबलाशी आली. हातात वाळलेलं फळ होतं. त्यात चपट्या बिया चाकासारख्या गोल रचलेल्या असतात. आम्ही दोघींनी मोजल्या, सत्तावीस भरल्या. पाच तिनं ठेवल्या, बाकीच्या मला दिल्या. "बाई, यंदाच्या चौथीला," म्हणाली. त्याच बिया आता माझ्या कपाटात कागदाच्या पुडीत आहेत आणि खिचडीच्या तेलाचे चार डबे धुऊन वाळत घातलेत.