अभ्यासमंडळ नेमके काय ठरवते?

मराठी हा मुख्य विषय घेऊन बी. ए. होणाऱ्या विद्यार्थ्याने तीन वर्षांत काय काय वाचलेले असलेच पाहिजे? प्रश्न साधा आहे आणि पदवीच्या अटी ठरवणाऱ्या कोणत्याही समितीपुढे तो सर्वप्रथम यायला हवा. प्रत्यक्षात तो बहुधा येतच नाही. बैठकीत चर्चा होते ती श्रेयांकांची, तासिकांची, प्रश्नपत्रिकेच्या स्वरूपाची आणि जूनपूर्वी सारे काही संकेतस्थळावर चढले पाहिजे या घाईची. पुस्तके शेवटच्या अर्ध्या तासात ठरतात, तेव्हा निम्म्या सदस्यांचे लक्ष परतीच्या गाडीकडे असते.

ही तक्रार व्यक्तींविरुद्ध नाही. अभ्यासमंडळांवर जाणती, वाचणारी माणसे असतात. त्यांच्याशी खासगीत बोलावे तर तीही हेच सांगतात. तक्रार आहे ती ज्या चौकटीत त्यांना काम करावे लागते तिच्याविषयी, आणि ती चौकट आपण सारे किती मुकाट्याने स्वीकारतो याविषयी.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार अभ्यासक्रम तयार करण्याची जबाबदारी अभ्यासमंडळाची आहे. मंडळावर काही विभागप्रमुख निवडून येतात, काहींना कुलगुरू नामनिर्देशित करतात. मंडळाचा मसुदा विद्याशाखेकडे आणि तेथून विद्यापरिषदेकडे जातो. विषय जाणणाऱ्यांनी प्रस्ताव मांडावा आणि व्यापक दृष्टीच्या मंडळींनी तो तपासावा, अशी ही कल्पना आहे आणि ती वाईट नाही. मात्र आता प्रवाह उलटा वाहतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचा आराखडा डिसेंबर २०२२ मध्ये आला. त्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक आहेत; त्यांपैकी मुख्य विषयाला ६०, दुय्यम विषयाला २४, बहुविद्याशाखीय अभ्यासाला ९, भाषिक क्षमतेला ८, कौशल्याला ९, मूल्यवर्धनाला ६ ते ८. राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने तो आपल्या पद्धतीने बसवला, सत्राला २० ते २२ श्रेयांक धरले, भारतीय ज्ञानप्रणालीपासून क्षेत्रप्रकल्पापर्यंतचे रकाने आखून दिले. संलग्न महाविद्यालयांत त्याची अंमलबजावणी २०२४-२५ पासून सुरू झाली. म्हणजे पदवी कशाला म्हणायचे हे अभ्यासमंडळाची बैठक भरण्यापूर्वीच ठरलेले होते. मंडळाने फक्त रकाने भरले.

रकाना कसा भरला जातो हे पाहण्यासारखे आहे. एक श्रेयांक म्हणजे पंधरा तास. दोन श्रेयांकांची अभ्यासपत्रिका म्हणजे तीस तास. सुट्ट्या, अंतर्गत चाचण्या, स्नेहसंमेलन आणि निवडणुकीची कामे वजा जाता हातात किती उरतात, हे वर्गावर जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेवढ्या वेळात ‘लीळाचरित्र’ शिकवायचे झाले तर त्या गद्याशी विद्यार्थ्याचा कान जुळेपर्यंत सत्र संपते. म्हणून ‘निवडक लीळा’ नेमायच्या. ‘ज्ञानेश्वरी’चा एखादा अध्याय, तोही काही ओव्यांपुरता. कादंबरीऐवजी कथा, आणि कथासंग्रहाऐवजी त्यातल्या चार कथा. ‘निवडक’ हा आजच्या मराठी अभ्यासक्रमाचा परवलीचा शब्द आहे. त्या निवडीमागे वाङ्मयीन विचार असता तर कोणी हरकत घेतली नसती. येथे निवड करते ते घड्याळ. ‘कोसला’सारखी कादंबरी तुकड्यातुकड्याने वाचताच येत नाही. तिचा अर्थ तिच्या लांबीत, तिच्या पुनरुक्तींत, तिच्या कंटाळ्यात आहे. ती कंटाळ्यासकट पार करण्याची सवय लावणे हे साहित्याच्या शिक्षकाचे पहिले काम, आणि त्या कामाला कोणत्याही आराखड्यात रकाना नाही.

त्याऐवजी फलनिष्पत्तीचे तक्ते आहेत. ‘हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर विद्यार्थी साहित्यकृतीचे विश्लेषण करू शकेल’, ‘मूल्यमापन करू शकेल’, ‘निर्मिती करू शकेल’. क्रियापदांची यादी आधीच ठरलेली असते, आपण फक्त पुढे संतसाहित्य किंवा दलित कविता जोडायची. अण्णा भाऊ साठे शिकवले काय आणि मोरोपंत शिकवले काय, तक्ता तोच. भाषा आणि साहित्य ज्यांचा विषय आहे त्या प्राध्यापकांनीच असली वाक्ये मुकाट्याने लिहून द्यावीत, याचे आम्हांला सर्वांत जास्त वैषम्य वाटते.

यावर ठरलेले उत्तर असे की विद्यार्थ्याला लवचीकता हवी, निवडीचे स्वातंत्र्य हवे, हाताला काम देणारे कौशल्य हवे. यातले काहीही नाकारण्याचे कारण नाही. मुद्रितशोधन चांगले येणारा पदवीधर आम्हांलाही हवाच आहे. पण ते शिकवायला छापखान्याचे किंवा प्रकाशनाचे काम केलेला माणूस लागतो. तीस तासांत पाठ्यपुस्तकातून ‘मुद्रितशोधनाचे महत्त्व’ पाच गुणांसाठी लिहायला शिकवणे म्हणजे कौशल्य नव्हे. आणि निवड कोणाला? तालुक्याच्या ठिकाणी मराठी, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र एवढेच विषय असलेले महाविद्यालय घ्या. कायम जागा रिकाम्या, निम्मे अध्यापन तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या जिवावर. तेथे ज्या विषयाला शिक्षक आहे तोच विद्यार्थी ‘निवडतो’. विद्यापीठ कागदावर पर्यायांची जी भलीमोठी यादी देते, ती मोठ्या शहरातल्या मोजक्या महाविद्यालयांसाठी असते. पदवी मात्र सर्वांना एकाच नावाची मिळते.

आता थोडे आपल्याविषयी. कार्यभार टिकावा म्हणून अभ्यासपत्रिका टिकवणे, आपल्या परिचयातले संपादित पुस्तक नेमले जावे म्हणून फोन करणे, आपण वीस वर्षे शिकवत आलो तोच कवी पुन्हा यावा असा आग्रह धरणे, हे सारे मराठीच्या शिक्षकांनीच केले आहे. पोटाच्या प्रश्नाला आम्ही कमी लेखत नाही. तास कमी झाले की एखाद्या तरुण सहकाऱ्याची नोकरी जाते हे खरेच आहे. पण आपणच पुस्तकाची बाजू कार्यभाराच्या भाषेत मांडू लागलो, तर शासनाने ती श्रेयांकांच्या भाषेत मोडून काढली याचे नवल कसले?

बदलांचा वेगही पाहा. मुंबई विद्यापीठात श्रेयांकाधारित सत्रपद्धती २०११-१२ पासून आली. आयोगाने २०१५ मध्ये निवडाधारित श्रेयांक पद्धतीचा आराखडा दिला. पुण्यात तो पदवीला २०१९-२० पासून लागू झाला. पाठोपाठ २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. आधीच्या पद्धतीने विद्यार्थ्यांचे वाचन वाढले की घटले, याची तपासणी करून मग पुढची आणली, असे एकदाही आमच्या पाहण्यात आले नाही.

कारणे न लिहिण्याची किंमत वेळ आली की कळते. २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी. ए.च्या इंग्रजी अभ्यासक्रमातून रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी विद्यार्थिसंघटनेच्या विरोधानंतर काढली गेली, तीही कुलगुरूंच्या आपत्कालीन अधिकारात. दिल्ली विद्यापीठात ऑगस्ट २०२१ मध्ये देखरेख समितीने इंग्रजी ऑनर्सच्या अभ्यासक्रमातून महाश्वेतादेवींची ‘द्रौपदी’ आणि बामा व सुकीर्तराणी या दलित लेखिकांचे लेखन वगळले. दलित लेखिकांच्या जागी आल्या रमाबाई. आपल्या पंडिता रमाबाईंचा असा उपयोग होईल, असे कोणाला वाटले असते? मात्र दिल्लीत एक गोष्ट घडली. विद्वत्परिषदेच्या पंधरा सदस्यांनी लेखी असहमती नोंदवली, आणि तिच्यामुळेच काय गेले, काय आले, कोणी विचारले नाही, हे आज सांगता येते. आपल्याकडच्या इतिवृत्तांत बहुधा एकच ओळ असते: ‘अभ्यासक्रमास एकमताने मान्यता देण्यात आली.’ अमुक पुस्तक का नेमले हेच जेथे लिहिलेले नाही, तेथे ते काढू नका हे कशाच्या आधारे सांगणार? लिहिलेली कारणे दडपशाही थांबवतील असा भाबडा विश्वास आम्हांला नाही. पण निदान काढणाऱ्याला त्या कारणांना उत्तर द्यावे लागेल.

म्हणून आमची मागणी अगदी कारकुनी वाटावी अशी आहे. नेमलेल्या प्रत्येक पुस्तकापुढे ते का नेमले याचा एक परिच्छेद इतिवृत्तात असावा, वगळलेल्यापुढेही. असहमती नावानिशी नोंदली जावी. मसुदा मंजुरीपूर्वी एक सत्रभर सर्व शिक्षकांसमोर असावा, आणि एक तुकडी पदवीधर होऊन तिचे वाचन तपासले जाईपर्यंत नवा आराखडा येऊ नये. मुख्य विषयाच्या विद्यार्थ्याला दर सत्राला निदान एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावेच लागेल, अशी अट श्रेयांकांच्या कोणत्याही गणितात बसवता येते. शेवटच्या दोन गोष्टी वगळता यासाठी आयोगाला विचारायची गरज नाही. अभ्यासमंडळाचा अध्यक्ष आणि एक हट्टी सदस्य पुरेसे आहेत.

२०२४-२५ मध्ये संलग्न महाविद्यालयांत आलेल्या विद्यार्थ्यांचे चौथे, संशोधनाचे वर्ष २०२७-२८ मध्ये येते. आराखड्यानुसार त्यात १२ श्रेयांकांचा संशोधनप्रकल्प आहे. चार कथा आणि निवडक लीळा एवढ्या शिदोरीवर तो विद्यार्थी कशावर संशोधन करणार, हा प्रश्न आपापल्या अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीत कोणीतरी विषयपत्रिकेवर लेखी घालावा.