पूर्ण नाव काय?

खोली मागायला गेलो की घरमालक हाच सवाल टाकतो. त्यातला सुरा मला कळतो. म्हणून अरबी नाव दिसलं की माझी नजर आधी शेपटीवर जाते. बगदादी म्हणजे बगदादचा. कुरैशी म्हणजे पैगंबराच्या कुरैश टोळीतला. हद्दाद लोहार, नज्जार सुतार, दब्बाग कातडी कमावणारा. गाव, टोळी, बापजाद्यांचा धंदा, सगळं उघडं.

इराकच्या बाथ सरकारनं १९७० च्या दशकात पुढाऱ्यांच्या असल्या आडनावांवर बंदी घातली. शाब्बास म्हणाल! पण दोस्तहो, मेख बघा. राष्ट्राध्यक्ष अल-बक्र तिक्रीतचा, दोन नंबरचा सद्दाम तिक्रीतचाच. मोक्याच्या खुर्च्यांवर त्यांचेच गाववाले, सगेसोयरे. ‘तिक्रिती’ ही शेपटी छाटली, खुर्च्या तशाच ठेवल्या. पाटी पुसली ती समतेसाठी नव्हे, मक्तेदारी झाकायला.

आणि येमेनमध्ये रस्ते झाडणारे मुहम्मशीन, म्हणजे कडेला लोटलेले. त्यांना टोळीचं नावच नाही. म्हणून ते मोकळे झाले का? उलट, पाठीशी उभं राहणारं कुणी नाही.

तेव्हा आडनाव गाळा म्हणणारा भेटला की मी एवढंच विचारतो : खुर्ची कधी सोडतोस?